घडीच्या चाकूची मूठ: लाकडाकडून कोणते काम घ्यायचे आणि कोणते नाही

प्रश्न चिपळूणहून आला आहे. फर्निचरच्या कामातून चाकू बनवण्याकडे वळलेल्या एका कारागिराने घडीचा चाकू केला. पाते हाय कार्बन पोलादाचे, पाठीत स्प्रिंग, अर्ध्या मिलिमीटरचे पितळी लायनर (पाते आणि लाकूड यांच्या मधले पत्रे), त्यावर शिसमाच्या चार मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या, आणि पाते ज्यावर फिरते ती तीन मिलिमीटरची पितळी पिन लाकडासकट आरपार घालून दोन्हीकडून ठोकलेली. पावसात पाते इतके घट्ट झाले की नखाने उघडेना. मग तोच चाकू नागपूरला मामांना भेट गेला. तिथे मे महिन्यात पाते डुगडुगायला लागले आणि लायनरची कड बोटाला टोचू लागली. त्यांनी विचारले आहे की लाकूड चुकले का, मुठीला सर्वांत चांगले मटेरियल कोणते, आणि रिवेटऐवजी स्क्रू लावले तर हा त्रास थांबेल का. परदेशातल्या ओळखीच्या लोकांकडूनही चाकूंना मागणी आहे, तेव्हा तिकडे पाठवताना काय बघायचे, हेही हवे आहे.

लाकूड ठीक आहे. पण तुम्ही त्याच्यावर पिव्हटचा, म्हणजे पाते ज्यावर फिरते त्या सांध्याचा, भार टाकलात, आणि ते त्याला झेपणारे काम नाही.

स्थिर पात्याच्या चाकूत पोलादाची पट्टी मुठीच्या टोकापर्यंत गेलेली असते. तिथे लाकूड फुगले, आकसले, अगदी चिरले तरी चाकू चालतो. घडीच्या चाकूत मूठ हा यंत्राचा सांगाडा आहे. पाते तिच्यात फिरते, तिच्यात थांबते, स्प्रिंग तिच्यात ताणली जाते. या तिन्ही गोष्टींना मिलिमीटरच्या शंभराव्या भागातली मापे लागतात, आणि लाकूड ती मापे धरून ठेवत नाही.

तुमच्या पिनेकडे नीट बघा. तिची डोकी लाकडावर बसलेली आहेत. एका डोक्यापासून दुसऱ्या डोक्यापर्यंत चार मिलिमीटर लाकूड, लायनर, पात्याचा बुडखा, दुसरा लायनर, पुन्हा चार मिलिमीटर लाकूड अशी रास आहे. धातूची जाडी दमट हवेने बदलत नाही, पण आठ मिलिमीटर लाकडाची बदलते. कोकणात जुलैत आर्द्रता नव्वदच्या आसपास असते आणि लाकडातले पाणी वजनाच्या 16 ते 18 टक्क्यांपर्यंत चढते. नागपूरच्या उन्हाळ्यात तेच 5-6 टक्क्यांवर येते. लाकडातला ओलावा एक टक्क्याने बदलला की शिसमासारखे लाकूड वाढीच्या वलयांच्या दिशेने साधारण 0.2 टक्के हलते आणि गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या निम्मे. फरक दहा टक्क्यांचा धरला तर आठ मिलिमीटरमध्ये 0.08 ते 0.16 मिलिमीटर. आता पिव्हटपाशी आपण पात्याला मोकळीक किती देतो? 0.05, फार तर 0.08. म्हणजे एका पावसाळ्यात लाकूड ती सगळी खाऊन टाकते आणि वर लायनर पात्यावर दाबते. नागपूरला उलटे होते. लाकूड आकसते, डोक्याखाली फट पडते आणि पाते हलते. अडकित्त्याचा खिळा ढिला झाला की सुपारी कातरण्याऐवजी दुमडते, तशी या चाकूची गत झाली आहे.

बोल्स्टर का असतो, हे यावरून लक्षात येईल. मुठीच्या पुढच्या टोकाला पितळेचा किंवा जर्मन सिल्व्हरचा जो तुकडा दिसतो तो बरेच जण शोभेचा समजतात. त्याचे खरे काम पिव्हटच्या पिनेला बसायला धातू देणे हे आहे. पिन बोल्स्टर-लायनर-पाते-लायनर-बोल्स्टर अशी जाते, वाटेत लाकूड येतच नाही. लाकूड बोल्स्टरच्या मागे सुरू होते आणि स्वतःच्या दोन बारीक पिनांवर बसलेले असते. मग ते कितीही फुगो, पात्याला त्याचा पत्ता लागत नाही. अमेरिकेतला बक 110 हा 1964 पासूनचा प्रसिद्ध चाकू बघा. त्याची पितळी चौकट सगळा भार घेते आणि लाकडाचे तुकडे मधल्या खाचेत नुसते बसवलेले असतात.

उलट उदाहरण फ्रान्समधले. साव्वा प्रांतात जोसेफ ओपिनेलने 1890 मध्ये केलेल्या चाकूची मूठ बीच लाकडाच्या अखंड दांड्याची, मधोमध चीर पाडलेली, लायनर नाहीत. तो चाकू स्वस्त, हलका आणि सुंदर आहे. पण भिजला की लाकूड फुगून पाते चिमटले जाते, हे तो वापरणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अडकलेले पाते बाहेर काढायला तिकडचे लोक मुठीचे मागचे टोक टेबलावर आपटतात. ती तिथली रीतच झाली आहे. ओपिनेलनेही पिव्हटपाशी लाकडावर पोलादी कडे चढवले आहे. लायनर नसलेला चाकू करायचाच असेल तर निदान तेवढे तरी करा. जपानमध्ये मिकी गावात होणाऱ्या हिगोनोकामी चाकूने हा प्रश्न मुळातच काढून टाकला. तिथे मूठ म्हणजे दुमडलेला पत्रा, लाकूड नाहीच. तोही चाकू पहिल्यांदा करायला उत्तम आहे, कारण त्यात स्प्रिंग नाही, लॉक नाही, सगळे पिव्हटच्या घर्षणावर.

आता तुमचा नागपूरचा चाकू. तो मोडीत काढू नका. पिनेची डोकी कानशीने उतरवून पिन ठोकून बाहेर काढा. पट्ट्या लायनरवर चिकटलेल्याच राहू द्या. लाकडातले पिव्हटचे भोक सहा मिलिमीटर करा, पण फक्त लाकडातले. लायनरला ड्रिल लागू देऊ नका. सपाट तोंडाचे ड्रिल असेल तर उत्तम, नसेल तर शेवटचा अर्धा मिलिमीटर हाताने कोरा. त्या भोकात पितळी बुश, म्हणजे छोटी नळी, बसवा, बाहेरून सहा, आतून तीन, आणि उंची लाकडाच्या जाडीपेक्षा केसभर जास्त. बुश लायनरवर टेकला पाहिजे, लाकडावर नव्हे. मग नवी पिन बुशवर ठोका आणि बुशसकट सगळे लाकडाच्या पातळीत घासून घ्या. बाहेरून पितळेची गोल टिकली दिसेल, ती वाईट दिसत नाही. आता पिन धातूला धरून आहे. कड टोचते त्याचा उपाय वेगळा आहे, पुढे येतो.

नव्या चाकूला बोल्स्टर करताना सोपा मार्ग म्हणजे लायनरवर बोल्स्टरचा तुकडा दोन पिनांनी ठोकणे. चांदीच्या सोल्डरने जोडणारेही आहेत, पण त्यात लायनर वाकतो आणि सरळ करण्यात दिवस जातो. मिलिंग मशीन हाताशी असेल तर बोल्स्टर आणि लायनर एकाच जाड पट्टीतून काढावा. यापेक्षा मजबूत बांधणी नाही. कोल्हापूर-इचलकरंजीकडे, पुण्याच्या भोसरीत, नाशिकच्या सातपूरमध्ये जॉबवर्क करणारे मिळतात. ड्रॉइंग स्वच्छ असेल तर ते काम वेळेवर देतात, ड्रॉइंग नसेल तर चहा पाजतात.

पिन ठोकण्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण घडीच्या चाकूचे यशापयश इथे ठरते. बोल्स्टर ज्या धातूचा त्याच धातूची पिन घ्या, एकाच रॉडमधली मिळाली तर सोने. बोल्स्टरच्या भोकाला बाहेरच्या बाजूने निमुळत्या रीमरने थोडा शंकूचा आकार द्या. पिन दोन्हीकडे साधारण एक-सव्वा मिलिमीटर बाहेर राहू द्या. आता पाते आणि लायनरच्या मधे 0.05 मिलिमीटरची पितळी शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घाला. फीलर गेजची पट्टी चालते, तिला पिनेपुरती चीर पाडून घ्यायची. मग गोल तोंडाच्या लहान हातोडीने पिनेच्या कडेकडेने, हलके हलके, पाचसहा ठोके या बाजूला, उलटवून पाचसहा त्या बाजूला. मधोमध मारले की पिन मधल्या भागात फुगते आणि पाते कायमचे जाम होते. कडेने मारले की डोके पसरून त्या शंकूत भरत जाते. प्रत्येक फेरीनंतर पाते उघडून बघायचे. शिम ओढल्यावर जेमतेम निघाली पाहिजे. ती निघाली की उरते तीच आपली मोकळीक. मग डोके कानशीने बोल्स्टरच्या पातळीला आणून 400, 800 पॉलिश पेपर मारला की पिन दिसेनाशी होते. पिनेभोवती बारीक काळे वर्तुळ राहिले तर शंकू नीट भरलेला नाही, एवढे समजावे.

लायनर अर्ध्या मिलिमीटरचे घेतलेत ते पातळ आहेत. स्प्रिंगच्या चाकूला 0.8 ते 1 मिलिमीटर लागतात. पितळ कापायला सोपे, कुठेही मिळते, पण घामाने काळे पडते आणि जड असते. जर्मन सिल्व्हर (नावात चांदी असली तरी तांबे, निकेल आणि जस्त) तसेच जड, पण डाग कमी. स्टेनलेस 304 चा पत्रा मजबूत आणि स्वस्त, पण ड्रिल जळतात. 100 × 22 मिलिमीटर आणि 1.2 जाडीची पट्टी पितळेची साधारण साडेबावीस ग्रॅम भरते, स्टेनलेसची एकवीस, टायटॅनियमची बारापेक्षाही कमी. खिशात ठेवायच्या वस्तूत दोन लायनरमागे वीस-एकवीस ग्रॅम वाचतात, हे कमी नाही.

लॉकचा चाकू करायचा असेल तर टायटॅनियमला तोडीस तोड काही नाही. लायनर कापून, त्याची जीभ आत वाकवून तिने पात्याचा बुडखा अडवायचा, ही कल्पना वीजतंत्रींच्या चाकूंत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. मायकेल वॉकर या अमेरिकी कारागिराने 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ती सुधारून आजचा लायनर लॉक घडवला. पुढे दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या क्रिस रीव्हने मुठीची एक अख्खी बाजूच जाड टायटॅनियमची ठेवून तिच्यातच लॉक कापला. या कामाला ग्रेड 5 वापरतात, त्यात सुमारे 6 टक्के ॲल्युमिनियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असते. ते स्प्रिंगसारखे वाकून परत येते. लायनर लॉकला 1.2 ते 1.5 मिलिमीटर जाडी पुरते. बुडख्याचा उतार सात-आठ अंशांचा ठेवा. त्याहून कमी केलात तर लॉक अडकून बसतो, जास्त केलात तर जोर दिल्यावर लॉक सुटतो आणि बोटांवर येतो. मुंबईत सी. पी. टँक, किका स्ट्रीट, कुंभारवाडा या पट्ट्यात धातूचे व्यापारी आहेत, तिथे छाटाचे तुकडे मिळू शकतात. ग्रेडची खात्री मात्र कागदावर घ्या. ग्रेड 2 मऊ असतो आणि लॉकला उपयोगाचा नाही. टायटॅनियम ग्राइंडरवर घासताना पांढऱ्या लखलखीत ठिणग्या उडतात. खाली साचलेली त्याची भुकटी पेट घेऊ शकते आणि ती आग पाण्याने विझत नाही. बेल्ट ग्राइंडरखालचा डबा आधी रिकामा करा, बाजूला कोरडी वाळू ठेवा.

आता स्केलचे, म्हणजे मुठीच्या बाजूच्या पट्ट्यांचे मटेरियल. मला एकच निवडायला सांगितले तर मी कापडी बेकलाइट निवडीन. इंग्रजी चाकूविश्वात ज्याला मायकार्टा म्हणतात त्याचाच हा भाऊबंद आहे: सुती कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून उष्णतेने आणि दाबाने एकजीव केलेले. वेस्टिंगहाउस कंपनीने 1910 च्या सुमारास ते विजेच्या इन्सुलेशनसाठी काढले. आपल्याकडेही ते त्याच कामासाठी विकले जाते, म्हणून चाकूवाल्याकडे शोधू नका. मुंबईत लोहार चाळ, पुण्यात तपकीर गल्ली, किंवा जिल्ह्याच्या गावी मोटार रिवाइंडिंगवाल्याला माल पुरवणारे दुकान, तिथे कापडी हायलमची (बेकलाइटचे बाजारातले नाव) शीट मागा. कागदी नको, ती कडेला टवके देते. तपकिरी शीट घासून 400 वर थांबलात आणि जवसाच्या तेलाचा हात फिरवलात की आत कापडाची वीण दिसू लागते. हाताच्या घामाने ती हळूहळू गडद होत जाते आणि ओल्या हातातही निसटत नाही. दमट हवेने होणारा तिचा फरक लाकडाच्या मानाने नगण्य. किंमत तर विचारू नका, परदेशी मायकार्टाच्या एका जोडीच्या पैशांत हात-दोन हात लांबीचा तुकडा येतो. रंगीत हवी असेल तर जुन्या जीन्सचे किंवा खादीचे कापड इपॉक्सीत भिजवून, दोन फळ्यांत दाबून घरीही करता येते. ते कारखान्याच्या शीटइतके घट्ट होत नाही, पण स्केलला चालते.

जी-10 म्हणजे काचेचे कापड आणि इपॉक्सी, सर्किट बोर्डाच्या शीटचा सख्खा भाऊ. ताकदीत वरचढ, मापाला पक्का, आणि नुसत्या त्याच्यावरही, लायनर न घालता, हलका चाकू होऊ शकतो. मला तो हाताला थंड आणि परका वाटतो, पण ही आवड झाली. त्याची धूळ मात्र आवडीचा विषय नाही. काचेचे तंतू फुप्फुसात जातात आणि कातडीला खाज सुटते. पाण्याखाली घासा, तोंडाला नीट बसणारा मास्क लावा, घरात मुलाबाळांच्या जवळ तर अजिबात नको. साधी एचएसएस ड्रिल तीनचार भोकांत बोथट होतात, कार्बाइड घ्या. आणि हो, शिसमाची धूळही निरुपद्रवी नाही. त्या कुळातल्या लाकडांनी अनेकांना पुरळ उठते. फर्निचरवाल्यांना हे मी काय सांगायचे.

लाकडावर तुमचा जीव आहे, ते सोडा असे मी म्हणणार नाही. भार लायनर आणि बोल्स्टरने घेतला की लाकूड मोकळे होते, मग फक्त त्याची रुंदी सांभाळायची. वीस मिलिमीटर रुंदीची पट्टी वलयांच्या दिशेने कापलेली असेल तर दहा टक्के ओलाव्याच्या फरकात ती सुमारे 0.4 मिलिमीटर हलते, आणि वलये पट्टीच्या तोंडाशी उभी असतील तर त्याच्या निम्मी. तुमची कड टोचते ती यामुळे. पट्टीच्या डोक्याकडून बघा, रेषा उभ्या दिसल्या पाहिजेत. अशा कापात जाडी जास्त हलते हे खरे, पण जाडीवर आता काही अवलंबून नाही. म्हणून बोल्स्टर आधी, कापाची दिशा नंतर.

दुसरी काळजी ओलाव्याची. कोकणातले लाकूड पावसाळ्यात मापाला आणलेत तर ते फुगलेल्या अवस्थेत मापाला येते आणि पुढे आकसतच जाते. मार्च-एप्रिलमध्ये पट्ट्या तयार करून ठेवा, पावसात प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा. स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर आठवड्याला वजन करा. वजन बदलायचे थांबले की लाकूड तयार. सगळ्यांत चांगला माल जुना असतो. वाडे पाडले की शिसवी खांबांचे, पलंगांचे, खुर्च्यांचे तुकडे जुन्या बाजारात येतात. पन्नास-साठ वर्षे वाळलेले ते शिसव पॉलिश केल्यावर जांभळट काळे दिसते आणि मुठीला दुसरे काही नको वाटते. सागवान मात्र मी मुठीला टाळतो. त्यातली वाळूसारखी सिलिका करवतीचे पाते आणि पॉलिश पेपर दोन्ही खाते, आणि तेलकटपणामुळे गोंद धरत नाही. लावायचेच असेल तर चिकटवण्याच्या आधी पाच मिनिटे ॲसिटोनने पुसा. खानदेश-विदर्भातले अंजन फार कठीण आणि जड, मुठीला राजेशाही. टेंभुर्णीच्या गाभ्यातले काळे लाकूड मिळाले तर सोडू नका, पण ते वाळताना चिरते, म्हणून टोकांना मेण लावून सावकाश वाळवा. धावडा, धामण ही कुऱ्हाडी-कुदळींच्या दांड्यांची लाकडे. दणका सोसतात, रंगाला फिकी.

स्टॅबिलाइज्ड लाकूड म्हणून जे विकतात त्यात निर्वात करून पातळ रेझिन आत ओढवतात आणि नव्वदेक अंशांना शिजवतात. मऊ, सच्छिद्र, बुरशीने सुंदर रेघा उमटलेल्या आंब्याच्या किंवा चिंचेच्या लाकडाला त्याने नवा जन्म मिळतो. शिसव, अंजन, टेंभुर्णी यांना त्याचा उपयोग नाही. ती इतकी दाट आणि तेलकट आहेत की रेझिन आत शिरतच नाही. अशी जाहिरात दिसली तर पैसे खिशात ठेवा.

तेल लावले की ओलावा थांबतो हा समज सोडा. तेलाने वेग कमी होतो, इतकेच. आणि जवसाच्या तेलाचे फडके चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेटते. उघडे पसरून वाळू द्या किंवा पाण्यात बुडवा.

शिंग आणि हाड यांबद्दल थोडक्यात. म्हशीचे शिंग कायद्याने चालते आणि उत्तर प्रदेशातल्या संभलमध्ये त्याचे कसबी कारागीर आहेत. पॉलिश सुरेख घेते, पण ते लाकडाइतकेच हवेला मानते, पट्टी द्रोणासारखी वाकते आणि कपाटात पडून राहिले तर किडे खातात. हाड स्थिर असते. त्यातली चरबी मात्र पूर्ण काढावी लागते. साबणाच्या कोमट पाण्यात दिवसेंदिवस भिजवा, मग ॲसिटोन. ब्लीच वापरू नका, हाड ठिसूळ होते. सांबराचे आणि चितळाचे शिंग विसरा. जुन्या विलायती चाकूंवर दिसते ते सांबरशिंग एके काळी आपल्याकडूनच जायचे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याचा व्यापार बंद आहे, आणि जंगलात आपोआप गळून पडलेले शिंगसुद्धा उचलून विकता येत नाही. कोणी "जुना साठा आहे" म्हणून आणले तर नमस्कार करून परत पाठवा. जुन्या सेल्युलॉइडच्या पट्ट्यांचा मोह होतो, रंग फार गोड असतात. पण ते कालांतराने विघटित होऊन आम्लयुक्त वाफ सोडते आणि त्याच पेटीतल्या सगळ्या पात्यांना गंज चढवते.

आता स्क्रूचे. स्क्रू लावल्याने तुमचा मूळ त्रास गेला नसता, कारण लाकडावर टेकलेल्या स्क्रूचे डोकेही लाकडाबरोबरच हलते. फरक इतकाच की दर ऋतूला तुम्ही तो पिळून सैल-घट्ट केला असता. स्क्रूची बांधणी लॉकच्या चाकूला हवीच, कारण तो उघडून साफ करावा लागतो आणि पिव्हटची जुळणी बदलावी लागते. एम2 आणि एम2.5 चे स्टेनलेस स्क्रू सहज मिळतात. आटे लायनरमध्ये पाडा. एक मिलिमीटरच्या पितळेत आटे फार थोडे बसतात आणि निसटतात, म्हणून तिथे दीड मिलिमीटरचे टायटॅनियम किंवा मागून जाड टेकू हवा. पिव्हटला पोलादी पोकळ पिन आणि दोन्हीकडे फॉस्फर ब्राँझचे वॉशर घ्या. आटे धरून ठेवणारे निळे द्रव्य एक थेंब, जास्त नको. पाठीच्या स्प्रिंगच्या चाकूला मात्र ठोकलेली पिन शोभते आणि टिकते. पन्नास वर्षांनी तो कुणाच्या हाती असेल तेव्हा त्या मापाचे पाने बाजारात असतील की नाही कोण जाणे, हातोडी असेलच.

गोंदावर भिस्त ठेवू नका. सावकाश सुकणारे अराल्डाइट चांगले, पाच मिनिटांचे नको. पण साधे इपॉक्सी साठ-सत्तर अंशांना मऊ पडू लागते, आणि बेल्टवर घासताना पट्टी तेवढी सहज तापते. बोट लावता येत नाही इतकी गरम झाली की थांबा, पाण्यात बुडवा. लायनरची पट्टीकडची बाजू 80 च्या पेपरने खरबरीत करून दोनचार आंधळी (आरपार न जाणारी) भोके पाडली की गोंदाला पाय रोवायला जागा मिळते. तरीही पट्टीला पुढे-मागे एकेक दीड मिलिमीटरची पिन हवीच. त्या पिना लाकडात ठोकताना हात आवरता घ्या. लाकूड पिनेच्या फुगण्याने चिरते, हाड तर लगेच.

शेवटी पाठवण्याबद्दल. शिसम आणि शिसव दोन्ही डाल्बर्जिया कुळातली असल्याने आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात येतात, हे जवळजवळ संपूर्ण कूळ 2017 पासून तिथे आहे. तयार वस्तूंच्या एका पाठवणीत त्या लाकडाचे वजन 10 किलोपर्यंत असेल तर सूट आहे, म्हणजे तुमच्या दोनचार चाकूंना या कराराची अडचण नाही. पण कोणी "नुसत्या पट्ट्या पाठवा, मी इथे बसवतो" म्हटले तर ती तयार वस्तू नाही आणि सूट लागू नाही. रक्तचंदनाच्या वाटेला जाऊच नका. शिंग-हाड प्राणिज वस्तू असल्याने प्रत्येक देश वेगळे कागद मागतो. देशातल्या देशात बघायचे तर शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्याची, घरगुती-शेती-औद्योगिक कामासाठी नसलेली हत्यारे परवान्याच्या कक्षेत येतात. खिशातला चाकू त्यापेक्षा बराच लहान असतो. तरी सणासुदीला आणि निवडणुकीला महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात, तेव्हा गिऱ्हाइकाला द्यायचा चाकू खिशात घालून फिरू नका, बांधलेल्या खोक्यात, बिलासकट न्या. परदेशी जाणाऱ्या चाकूंना मी कापडी बेकलाइटच लावतो. तिकडच्या हिवाळ्यात खोल्या हीटरने तापवतात आणि हवा नागपूरच्या मे महिन्यासारखी कोरडी होते, शिवाय लाकडाच्या कागदांची चौकशीही उरत नाही.